हिरव्या पट्ट्यातली म्हैस

माझ्या घरी जेवून माझ्याच विरुद्ध लिहिणारी बाई मी या जन्मात एकच पाहिली. तिचं नाव पंकजा मॅडम. नगरच्या जमिनीच्या ऑफिसात ती कामाला. आणि जेवली तीही पाहुण्यासारखी लाजत नाही. आमटी दोनदा मागून घेतली, भाकरी चुरली, शेवटी वाटी तोंडाला लावली. माझ्या सुनेनं हातावर पाणी घातलं, ते हात पुसले आणि त्याच हातांनी पंचनामा लिहिला. लिहिता लिहिता ढेकर दिला. तो ढेकर माझ्या आमटीचा होता.

आमच्या भागात या गोष्टीला रीत आहे. वाईट काम घेऊन आलेला माणूस पाण्याला शिवत नाही. सोयरीक मोडायला येणारे पाहुणे उंबऱ्याबाहेर उभे राहतात, तांब्या पुढं केला की हात जोडतात, मग घरातल्यांनी समजून घ्यायचं. आणि एकदा जेवला की मोडत नाही. या रीतीवर आमच्याकडं किती तरी संसार उभे आहेत. नगरच्या ऑफिसात ही रीत कुणी शिकवलेली दिसत नाही.

गोष्ट कांडपाची आहे. मी येसूर करते. बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरची हे वेगवेगळं भाजून, कुटून केलेलं ते पीठ. लग्नाच्या पंगतीत आमटीला दाटपणा येतो तो त्याचा. खर्ड्यापासून जामखेडपर्यंत लग्न ठरलं की आधी मांडववाला आणि मग बनुबाईचं येसूर. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. मी फक्त खोडून काढत नाही.

माझी सून ज्ञानेश्वरी बारावी शिकलेली आहे. बोलायला कमी, पण धने कधी उतरवायचे ते नाकानं ओळखते. लग्न होऊन आल्यापासून मी तिला एकदाही चांगलं म्हटलेलं नाही, यावरून तिनं काय ते ओळखावं. तीच एक दिवस म्हणाली, "आत्या, हातानं किती दिस कुटायचं? कांडपाचं यंत्र घिऊ. रस्त्याकडंच्या रानात पत्र्याचं शेड हायेच."

तिच्या बोलण्यामागं दुसरं बोलणं होतं. माझा मुलगा रविराज टेम्पो चालवतो, म्हणजे टेम्पो चालतो तेव्हा चालवतो. त्याच्या एका मित्रानं रांजणगावला कंपनीत शब्द टाकला होता. नवरा-बायकोचं आपसात ठरलेलं होतं की पाडव्यापर्यंत कांडप सुरू झालं तर इथं राहायचं, नाही तर रांजणगावला खोली घ्यायची. हे मला कुणी सांगितलं नाही. आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत आणि माझे कान शाबूत आहेत. माझं काही नाही, मी कुठंही कशीही राहू शकते. पण ते दोघं गेले तर घरात बोलायला उरतील ते आमचे मालक. त्यांचं नाव कानिफनाथ. मी तोंडानं घेत नाही, लिहायला हरकत नाही. ते स्वभावानं चांगले आहेत, पण त्यांच्याशी बोलणं म्हणजे रांजणात तोंड घालून बोलणं. आपलंच आपल्याला परत ऐकू येतं.

यंत्र आणलं. शेडच्या पुढं, अगदी रस्त्याला लागून, मी माझ्यासाठी एक ओटा बांधून घेतला. गिऱ्हाइकावर आणि एकूणच गावावर लक्ष ठेवायला बसण्याची जागा उंच असलेली बरी. मग लाइटवाला आला, त्यानं यंत्राकडं पाहिलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"मावशी, ह्ये शेतीचं मीटर. ह्याच्यावर पान्याची मोटर चालवायची. कांडपाला कारखान्याचं मीटर लागतंय."

"मग दे कारखान्याचं."

"त्याला जागेचा कागद लागतो. ही जागा कारखान्याला चालती का, त्ये नगरला इचारा."

तोवर आम्ही काकासाहेबाचं जुनं डिझेल इंजिन मागून आणलं आणि थोडं थोडं कांडायला लागलो. काकासाहेब म्हणजे माझा चुलत दीर. त्याचं रान आमच्या रानाला लागून आहे. त्याच्याकडं सगळ्या वस्तू जुन्या आणि सगळे सल्ले ताजे असतात.

मी आणि रविराज नगरला गेलो. ऑफिसातल्या माणसानं टेबलावर मोठा नकाशा पसरला. त्यावर रंग होते. पिवळं म्हणजे राहायची जागा, निळं म्हणजे दुकानांची, जांभळं म्हणजे कारखान्यांची आणि हिरवं म्हणजे शेतीची. त्यानं बोट फिरवत फिरवत आमच्या रानावर आणून टेकवलं.

"आजी, तुमचा गट हिरव्या पट्ट्यात आहे."

"कुनी पाह्यला?"

"म्हणजे?"

"हिरवा कुनी पाह्यला, त्येचं नाव सांगा. मला त्येला भेटायचंय."

त्या रानात नुसता मुरूम आहे. आमच्या सासऱ्यांनी तिथं बाजरी पेरली ती उगवली नाही. हुलगा पेरला तो उगवला आणि पस्तावला. शेळ्यासुद्धा त्या रानातून चालत जातात, थांबत नाहीत. म्हणून तर तिथं शेड घातलं. आणि बांधापलीकडं काकासाहेबाचं रान, बारमाही पाण्याची विहीर, कांदा, लसूणघास, डाळिंब, डोळ्यांत भरावं असं. त्याचा रंग काय, म्हणून मी विचारलं.

"जांभळा. तिथे पुढेमागे कारखाने येऊ शकतात."

ज्यानं रंगवलं त्यानं एकदा येऊन आमच्या बांधावर उभं राहायचं होतं, रंगही वाचला असता.

ही बातमी गावात पोचली ती आमच्या आधी पोचली. दुसऱ्या दिवसापासून काकासाहेब कांद्यात वाकेना. पांढरे बूट घालून बांधावर उभा राहायला लागला. खुरपायला आलेल्या बायांना म्हणायचा, "जपून, इंडस्ट्रियल जमीन हाय." त्याची बायको एकटी कांदा काढत होती, पण ती निदान न बोलता काढत होती.

सल्ले सुरू झाले. आमच्या गावात आजारी माणसाला कुणी औषध सांगणार नाही, पण कागद अडलेल्या माणसाला सगळे सांगतात. एक म्हणाला, शेडमध्ये म्हसोबा बसवा, देवाला कुणी हलवत नाही. त्यावर दुसरा म्हणाला, मग देव यंत्राच्या कुठल्या बाजूला बसवायचा? यावर देवळापुढं संध्याकाळभर चर्चा झाली. आमच्या मालकांनी दोघांनाही "बराबर हाय" म्हटलं.

शेवटी काकासाहेब आमच्या ओट्यावर, म्हणजे माझ्या जागेवर, येऊन बसला.

"वहिनी, कांडपाचं नावच काढू नका. गोठा म्हना. हिरव्या पट्ट्यात गोठ्याला कोन आडवतंय? एकदा शेडचा कागद झाला, की मग आत म्हैस हाय का मिरची, कोन वाकून बघतंय?"

"आन् मोजायला मानूस आला म्हंजे?"

"म्हैस माझी न्या की. धार माझी, शेन तुमचं."

मला पटलं नव्हतं, हे मी इथं लिहून ठेवते. पण रविराजला पटलं, मालकांना तर सगळंच पटतं, आणि पाडवा जवळ आला होता. ज्ञानेश्वरी एवढंच म्हणाली, "आपन कांडतोय तर कांडतोय म्हनून लिव्हू की." तिचं कुणी ऐकलं नाही. सुनेचं पहिल्या झटक्यात ऐकायची आमच्याकडं सवय नाही. अर्जावर गोठा लिहिला गेला.

साइट बघायला मॅडम येणार असा फोन आला, त्या सकाळी आम्ही यंत्र मागच्या भिंतीला सरकवलं आणि त्यावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या. मिरच्यांची पोती घरी नेली. मग म्हैस आणली. म्हैस दारात आली, तिनं आत तोंड घातलं आणि शिंकली. म्हशीची शिंक ज्यानं ऐकलेली नाही त्याला ती सांगून कळणार नाही. पत्रे वाजले.

मी मात्र माझ्या कामाला लागले. पाहुणी येणार ती गोठ्यात येणार असली तरी पाहुणीच. शेड सारवलं, दारात रांगोळी काढली, ज्ञानेश्वरीला येसूरची आमटी टाकायला सांगितली, भाकरी मी स्वतः थापल्या. काकासाहेब म्हणाला, "वहिनी, गोठ्याच्या दारात रांगोळी कोन काढतंय?" मी म्हटलं, ज्याच्या घरात बाई आहे तो काढतो.

पंकजा मॅडम आली. वयानं पोरगीच, पायात साधी चप्पल, गळ्यात ओळखपत्र, हातात मोजायचा टेप. आल्या आल्या मला आजी म्हणाली. मी तिच्या आजीच्या वयाची दिसत नाही, पण सरकारी माणसाशी पहिल्या वाक्याला वाद घालू नये म्हणून गप्प बसले. ती आत गेली आणि शिंकली. तिच्यामागून रविराज शिंकला. म्हैस तर थांबलीच नव्हती.

"म्हशीला काय झालंय?" मॅडमनं डोळे पुसत विचारलं.

"सर्दी," आमचे मालक म्हणाले.

"आणि मला?"

मालक विचारात पडले. "म्हशीची लागली आसंल," म्हणाले, आणि स्वतःच शिंकले.

तिनं लांबी मोजली, रुंदी मोजली, ओट्यापासून रस्ता मोजला, कडब्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. काकासाहेब पांढऱ्या बुटांवर दारातच उभा होता. मी म्हटलं, "मॅडम, ऊन झालंय, दोन घास खाऊन जावा." ती नको म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. तिला भूक लागलेली होती. चेहऱ्यावर दिसत होती. ती तिथंच शेडमध्ये बसली.

जेवताना ती पहिल्यांदा माणसासारखी बोलली. तिचं माहेर श्रीगोंद्याकडचं, चारी बाजूंनी ऊस. लहानपणी लग्नात अशी आमटी खाल्ली होती म्हणे, नंतर कुठं मिळाली नाही. पुन्हा वाढून घेतली. मला बरं वाटलं. मग वाटी खाली ठेवून ती म्हणाली, "मसाला छान आहे आजी. कुठून विकत आणता?"

आता मला सांगा, यावर माणसानं काय करायचं. अख्ख्या तालुक्यातली लग्नं ज्या येसूरवर पार पडली, ते मी विकत आणते. माझ्या दारात बसून, माझी भाकरी मोडून, हे बोलणं. काकासाहेब डोळ्यांनी खुणा करत होता. ज्ञानेश्वरीनं माझ्या पदराला हात लावला. मी उठले, भिंतीकडं गेले आणि कडब्याच्या पेंढ्या एकेक करून बाजूला टाकल्या.

"इकत?" मी म्हटलं. "ह्ये यंत्र बघा. आन् भाजनी माझ्या सुनेची. हितं, ह्याच जागंवर, रोज. पुन्यापातूर जातंय आमचं येसूर."

काकासाहेब दारातून मागं सरकला. म्हैस शिंकली.

मॅडमनं यंत्र पाहिलं, इंजिन पाहिलं, मला पाहिलं. मग हात पुढं केले, ज्ञानेश्वरीनं पाणी घातलं, आणि पुढचं मी सुरुवातीला लिहिलंच आहे. शेतजमिनीत विनापरवाना उद्योग सुरू, अर्जात खोटा वापर दाखवला, काम ताबडतोब बंद. खाली मालकांची सही घेतली. मालक सही करताना "बराबर हाय" म्हणाले.

यंत्राला कापड बांधलं. म्हैस परत गेली. काकासाहेब गावभर सांगत सुटला की तिनं दूध कमी केलं आणि आहे त्याचा चहा तिखट होतो. देवळापुढं ठरलं की चूक माझ्या आमटीची आहे, अळणी केली असती तर गोठ्याचा कागद झाला असता. हे सगळं मी ऐकून घेतलं. मग एका दुपारी ज्ञानेश्वरी हातातलं काम ठेवून माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आत्या, येसूरच्या मोठ्या घान्याचं परमान एकदा सांगून ठिवा. तिकडं गेल्यावर घरच्यापुरतं करीन."

तिकडं म्हणजे रांजणगावला. मी म्हटलं, प्रमाण सांगून येत नसतं, बघावं लागतं, आणि मला आत्ता वेळ नाही. मग दुसऱ्या दिवशी एकटी येष्टीनं नगरला गेले.

पंकजा मॅडम फायलींच्या मागं बसली होती. मला पाहून उठली, खुर्ची दिली. मी बसले नाही.

"आमच्या घरी जेवून आमचंच बंद केलंस," मी म्हटलं.

"आजी, बसा तरी."

"जेवली नसतीस तर मी काय म्हनले नसते."

मग तिनं तोच नकाशा काढला आणि आमच्या हिरव्यावर बोट ठेवलं. "आजी, शेतमाल कांडायला, दळायला हिरव्या पट्ट्यातही परवानगी मिळते. बाजरी, डाळ, धने, मिरची, हा शेतमालच आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी कांडप लिहिलं असतं तर एव्हाना मीटर बसलं असतं. तुम्ही गोठा का लिहिला?"

मी काय सांगणार? जांभळ्या दिराचं ऐकलं म्हणून? आणि घरात एक माणूस पहिल्यापासून खरं लिहा म्हणत होतं, ते सून होतं म्हणून ऐकलं नाही, हे तर मुळीच सांगण्यासारखं नव्हतं. मी बसले.

"खरा अर्ज करा," ती म्हणाली. "दंड भरा. पण एक अडचण आहे. रस्त्याच्या मध्यापासून ठरलेलं अंतर मोकळं सोडावं लागतं. शेड बसतंय. ओटा बसत नाही."

"कुठला वटा?"

"पुढचा. तो पाडावा लागेल."

मी म्हटलं, त्यावर मी बसते. ती म्हणाली, म्हणूनच सांगताना जड जातंय.

घरी आल्यावर मी रविराजला पहार आणायला सांगितली. तो म्हणाला, "आई, तुजा वटा हाय त्यो." मी म्हटलं, ओट्यावरून दिसणारं गाव मला पाठ आहे. पहिला दगड मीच काढला, बाकीचे त्यानं काढले. काकासाहेब बांधावरून सांगत होता की कुठून पाडायला सुरुवात करावी. या वेळी अर्ज ज्ञानेश्वरीनं लिहिला. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. सुनेवर एवढा विश्वास टाकायची सवय नसल्यानं मला रात्री नीट झोप आली नाही, पण विचारलं नाही.

पाडव्याला थोडेच दिवस राहिले असताना मॅडम पुन्हा आली. मी उलट्या घमेल्यावर बसले होते, कारण ओटा नव्हता. ज्ञानेश्वरी तांब्या घेऊन पुढं गेली. मॅडमनं हात जोडले.

"पाणी नको."

मी म्हटलं, उन्हाचं आला आहात, गुळाचा खडा तरी. तिनं पुन्हा हात जोडले. आत भाजणीच्या चुलीवर आमटी उकळत होती, वास सगळ्या शेडमध्ये होता, तिच्याही नाकात जात असणार, तरी ती आपल्या पिशवीतली बाटली काढून तिचं पाणी प्याली. अशी माणसं मी पाहिली आहेत. माझ्या नणंदेची सोयरीक मोडायला आले होते, त्यांनी अगदी असेच हात जोडले होते. मी ज्ञानेश्वरीकडं पाहिलं. तीही खेड्यातलीच पोरगी. तिनं तांब्या खाली ठेवला आणि मुकाट्यानं आत जाऊन चुलीतलं लाकूड मागं ओढलं. रविराज मोबाईल काढून बाहेर गेला. रांजणगावला फोन करायला गेला असणार.

मॅडमनं टेप रस्त्याच्या मधोमध धरला. जिथं माझा ओटा होता तिथून मोजत मोजत शेडच्या भिंतीपर्यंत आली. यंत्र पाहिलं. पोत्यात हात घालून मिरची पाहिली, बाजरी पाहिली. शिंकली. उभ्या उभ्या बराच वेळ लिहिलं. काकासाहेब बांधावरून उतरून आला होता, अशा वेळी तो येतोच. मालक उगाच मान हलवत होते.

"आजी, परवानगी द्यायला हरकत नाही असं लिहिलंय," ती म्हणाली. "वरिष्ठांची सही झाली की कागद येईल. तोवर मीटरचा अर्ज तयार ठेवा."

"बराबर हाय," मालक म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते बरोबर होतं.

आतून ज्ञानेश्वरी आली. तिनं मॅडमकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा आत गेली. चुलीत लाकूड पुढं सारल्याचा आवाज मी ऐकला. माझे कान शाबूत आहेत, हे मी आधी लिहिलंच आहे.

मी घमेल्यावरून उठले. "मग पानी का घेतलं न्हाईस? आमचा जीव निम्मा झाला हितं."

तिला आधी कळेना. मी सोयरीक मोडणाऱ्यांची रीत सांगितली. ती हसली नाही, तेवढं बरं केलं.

"आजी, आज तुमच्या बाजूनं लिहायचं होतं," ती म्हणाली. "जेवून लिहिलं असतं तर उद्या कुणीतरी म्हणालं असतं, मॅडमनं आमटीवर परवानगी दिली."

काकासाहेब एकदम आपल्या कांद्याकडं बघायला लागला. तो हेच म्हणणार होता, फक्त उद्या.

मॅडमनं टेप गुंडाळला, पिशवी खांद्याला लावली. आमटीचा वास तिच्या वाटेत आडवा आला तशी ती क्षणभर थांबली आणि चालायला लागली. मी तिला रस्त्याच्या कडेला, माझा ओटा होता तिथंच, गाठलं आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं:

"ऐक पोरी. माझ्या इरुद्ध लिव्हायचं हुतं तवा दोनदा वाढून घेतलंस, आन् बाजूनं लिव्हायचं तवा पान्याला शिवली न्हाईस. नोकरी तू चोख करतीस, त्येला माझं काय म्हननं न्हाई. पन पाहुनी म्हनून तू लई वंगाळ हायस. ह्यो डाग धुवायचा आसंल तर कायबी काम नसताना ये, टेप घरी ठिव, आन् तिसऱ्यांदा वाढून घ्यायला बस."